शिंदखेड्याचा प्रयोग

नातीच्या स्नेहसंमेलनात रंग लावणाऱ्या बाईंनी डबी उघडली आणि त्या तेलकट, गोडसर वासासरशी मी थेट शिंदखेड्याच्या शाळेतल्या सभागृहात जाऊन पोहोचले.

एकोणीसशे पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. जळगावच्या आमच्या छोट्या नाट्यमंडळासाठी पोस्टातले नाना दरवर्षी नवं नाटक लिहीत. त्या वर्षीच्या नाटकात मी सून झाले होते. सासऱ्यांसमोर उभं राहून 'मला पुढे शिकायचंय' एवढंच म्हणायचं होतं. लग्नासाठी कॉलेज सोडलेल्या मला तालमीतही ते वाक्य जड जायचं.

शिंदखेड्याला प्रयोग होता त्या दुपारी ऐन प्रवेशात माझं तोंडच उघडेना. नाना विंगेतून वाक्य सांगत होते, पण पंख्यांच्या घरघरीत काही ऐकू येईना. तेवढ्यात पहिल्या रांगेतली एक म्हातारी उठून उभी राहिली.

"बोल वं माय, भिऊ नको. आम्ही बठ्ठा आठेच शेतस."

आम्ही सगळे इथंच आहोत, असं ती अहिराणीत सांगत होती. कुणीही हसलं नाही. मी वाक्य बोलले, तालमीत कधी बोलले नव्हते इतक्या मोठ्यानं.

पडदा पडल्यावर ती आत आली. माझा रंगवलेला गाल तिनं खरखरीत हातानं कुरवाळला.

"मंग, शिकशी ना तू?"

"आजी, नाटक होतं ते," मी म्हणाले. तिच्या भोळेपणाचं मला तेव्हा हसू आलं होतं.

जूनमध्ये मी बी.ए.चा फॉर्म भरला. घरी सांगताना आवाज कापला नाही. पुढे शिक्षिका झाले, एरंडोलला पंचवीस वर्षं शिकवलं. त्या माउलीला मात्र मी 'हो' म्हणायला हवं होतं.