गिल आंटींच्या वाफ्यात चार घमेली माती

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बाबांनो, कारण पुढचं सांगताना मला चहासुद्धा गिळवत नाही. बदलीवर चंदीगडला आलो आणि शेजारणीच्या वांग्यांचं असं वाटोळं केलं, की काय विचारता!

सरकारी क्वार्टर, खाली हातभर अंगण. ऑफिसात मी फायली ढकलतो, पण परभणीकडचा, शेतकऱ्याच्या पोटचा! हे पहिल्याच आठवड्यात सगळ्या कॉलनीला ऐकवून झालं होतं. शेजारच्या गिल आंटी तर मला ‘किसान साहब’च म्हणायच्या. त्यांच्या वाफ्यातली वांगी दरवर्षी गुरुद्वाऱ्यात लंगरला जातात. बाजारचं एक वांगं त्यात घालणार नाहीत, असा बाईंचा बाणा.

माझी वांगी मात्र खुरटलेली. एक रोप उपटून बघितलं, तर मुळांवर गाठीच गाठी! मी उडालोच.

"सुनीता, बाहेर ये! अगं, हरभऱ्याला येतात तशा गाठी! हवेतला नत्र धरतात या. सोनं आहे आपली माती!"

"अहो, पण रोप तर वाळतंय," बायको म्हणाली.

ऐकतोय कोण? मी थेट कुंपणापाशी.

"आंटीजी, मेरी मिट्टी ले लो. जादू है!"

"पक्का, किसान साहब?"

"एकदम पक्का!"

चार घमेली माती मी स्वतःच्या हातानं त्यांच्या वाफ्यात कालवली. वर त्यांच्याकडे खारी, खुसखुशीत मठ्ठी आणि चहा हाणला, तोही हक्कानं!

महिन्याभरात आंटींची वांगी भर दुपारी माना टाकायला लागली. बिचाऱ्या रोज पाणी घालायच्या आणि मलाच विचारायच्या, "हुण लंगर दा की होऊगा?" आता लंगरचं काय होणार, हे त्यांनी किसान साहबलाच विचारावं!

शेवटी त्यांनी ओळखीतले एक निवृत्त कृषी अधिकारी बोलावले. त्यांनी रोप उपटलं, तसं मी लगेच हरभऱ्याच्या गाठींचं ज्ञान पाजळलं. त्यांनी मुळावर नख चालवलं.

"चने की गाँठ नाखून से छूट जाती है. यहाँ तो जड़ ही सूजी है. सूत्रकृमि! आँख से दिखता नहीं, मिट्टी के साथ घूमता है. बाहर की मिट्टी कौन लाया?"

सगळे माझ्याकडे बघतायत. मी आभाळाकडे.

सुनीतानं तिथंच माझी आरती ओवाळली, तीही मराठीत, "शेतात तुम्ही फक्त हुरडा खायला जायचात ना हो?"

मग काय! दोन्ही अंगणांतली रोगट रोपं मुळासकट काढली. निंबोळी पेंडेचं पोतं स्कूटरवर आणलं, माती खणून त्यात पेंड मिसळली, पाणी दिलं, ती कुजेपर्यंत थांबलो आणि मग नवी रोपं लावली. अधूनमधून मुळाशी निंबोळी अर्क. अंगाला असा वास यायचा, की अंघोळीशिवाय मला घरात प्रवेश नव्हता! अधिकारी म्हणाले, कीड पुरती जाणार नाही, पण दबून राहील.

वांगी उशिरा आली, पण आली हो! आंटींनी भरलेली टोपली माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "चलो." मला वाटलं, सुटलो एकदाचा! डोक्याला रुमाल बांधून मी लंगरच्या स्वयंपाकघरात ऐटीत उभा. आंटींनी तिथल्या बायकांना माझी ओळख करून दिली.

"ये हमारे पड़ोसी हैं जी. इनसे बैंगन धुलवाओ, कटवाओ, बर्तन मँजवाओ. बस, सलाह मत लेना!"