कपाटामागची भिंत

तिला सगळे बोटवाली म्हणत. कुणाच्याही घरी कामाला गेली की पिशवी खाली ठेवायच्या आधी ती दाराच्या चौकटीच्या वरच्या कडेवरून एक बोट फिरवायची, ते डोळ्यांसमोर धरायची आणि मग घरमालकिणीकडे बघायची. तोंडातून अवाक्षर काढायची नाही. त्या बघण्यापेक्षा चार शिव्या परवडल्या, असं तिची जुनी गिऱ्हाइकं सांगत.

सव्वीस वर्षं तिने एका मोठ्या इस्पितळात ऑपरेशनच्या खोल्या पुसल्या होत्या. तिथल्या मुख्य सिस्टर टेबलाच्या चाकात अडकलेला एक केससुद्धा चिमटीत धरून दाखवायच्या आणि सगळी खोली पुन्हा पुसायला लावायच्या. त्या वेळी बोटवालीला त्यांचा राग यायचा. निवृत्त झाल्यावर लोकांची घरं बघायला लागली, तेव्हा तिला कळलं की जगात शहाणी अशी ती सिस्टरच एक बाई होती.

रोजची झाडलोट ती घ्यायची नाही. रोजच्या हाताला जे लागत नाही तेवढंच तिचं काम. पंख्याच्या पात्यांची वरची बाजू, ट्यूबलाइटची पाठ, सरकत्या खिडकीच्या खाचा, वॉशिंग मशीनचा पावडरीचा कप्पा, बेसिनखालचा वाकडा पाइप, टीव्हीचा रिमोट. पिशवीत जुने टूथब्रश, फडकं गुंडाळलेली विणकामाची सुई आणि खरवडायला एक बोथट उलथनं.

"फ्रीजच्या दाराचं रबर शेवटचं कधी पुसलंत?" ती विचारायची.

"ते पुसतात?" समोरून यायचं.

मग ती रबराची घडी उघडून दाखवायची. आतली काळी रेघ बघून बायका तोंडाला पदर लावायच्या, जणू ती रेघ शेजाऱ्यांनी आणून ठेवली होती. बोटवालीचं लोकांविषयीचं मत अशा शेकडो रेघांवरून तयार झालेलं होतं आणि ते फार वाईट होतं. "यांना घर नको असतं," ती म्हणायची, "घराचा फोटो हवा असतो."

स्वतःच्या लेकीलाही तिने सोडलं नव्हतं. लेकीने नवं घर घेतल्यावर ही पहिल्यांदा गेली ती सोफा ओढून त्याच्या मागे वाकली. लेक म्हणाली, "आई, तू भेटायला आलीस की धाड टाकायला?" तेव्हापासून लेकीचे फोन येत, बोलावणं येत नसे. त्याचं तिला वाईट वाटत होतं का, हे कळायला मार्ग नाही. विचारलं की ती सोफ्यामागे काय काय सापडलं तेच सांगायची.

अशा बाईला एके दिवशी चकचकताईचा फोन आला.

चकचकताई म्हणजे फोनवर घर साफ करून दाखवणारी बाई. अर्धं लिंबू, चमचाभर सोडा आणि दोन मिनिटं, एवढ्यावर तिने लाखो लोक जमवले होते. बोटवालीने तिचा एक व्हिडिओ पाहिला होता. त्यात ती आधीच घासलेलं बेसिन हसत हसत लिंबाने घासत होती. धुतलेलं धुवायला लाखो माणसांची साक्ष कशाला लागते, असं बोटवालीला वाटलं होतं आणि तिने फोन बंद केला होता.

"मावशी, उद्या चारला साबणाच्या कंपनीची माणसं चित्रीकरणाला येतायत," चकचकताई मधाळ आवाजात म्हणाली. "त्याआधी घर एकदा नीट करून हवंय. पण कुठे बोलू नका. मी बाहेरच्या बाईकडून घर साफ करून घेते असं कळलं तर लोक काय म्हणतील?"

"खरं तेच म्हणतील," बोटवाली म्हणाली. पण काम घेतलं. ते घर आतून बघायची तिला इच्छा होती.

सकाळी आठला ती पोचली. चौकटीवरून बोट फिरवलं, ते बघितलं, मग चकचकताईकडे बघितलं. चकचकताईने घाईने तिच्यामागे दार लावून घेतलं.

स्वयंपाकघरात फरशीवर पांढऱ्या चिकटपट्टीची एक रेघ मारलेली होती. कॅमेऱ्याला दिसतं ते रेघेच्या अलीकडे, दिसत नाही ते पलीकडे. अलीकडची फरशी आरशासारखी. पलीकडे पाय ठेवला तर चप्पल उचलताना चर्र आवाज यायचा. शेगडीची पुढची बाजू लखलखीत आणि मागच्या भिंतीवर तेलाचे पिवळे थेंब गोठून मण्यांसारखे लोंबत होते. धूर ओढणाऱ्या पंख्याची जाळी तिने काढायला घेतली, तर जाळी कुठे संपते आणि चिकटा कुठे सुरू होतो ते समजेना.

हॉलमध्ये चकचकताईचा नवरा मांडीवर लॅपटॉप घेऊन सोफ्यावर बसला होता. केरसुणी जवळ आली की तो दोन्ही पाय वर उचलायचा आणि ती पुढे गेली की खाली ठेवायचा. घरकामातला हा त्याचा वाटा, आणि तो त्याने मनापासून उचलला होता.

आतल्या खोलीतून खोकला ऐकू येत होता. कोरडा, एकदा लागला की लवकर न थांबणारा.

"सासूबाई आहेत," चकचकताई म्हणाली. "त्यांच्या खोलीत काही करू नका. ती फ्रेममध्ये येत नाही."

"खोकतायत त्या."

"सवय आहे त्यांना. घरात माणसं आली की जास्तच. तीनदा औषध बदललं डॉक्टरांनी. लक्ष हवं असतं, दुसरं काही नाही."

बारा वाजेपर्यंत बोटवालीने स्वयंपाकघर उपसून काढलं. त्या रेघेची पट्टी तिने उलथन्याने खरवडून केरात टाकली. मग चकचकताई केस करून घ्यायला बसली तशी ती सरळ आतल्या खोलीत गेली. खोकल्यासाठी गेली असं कुणाला वाटेल, पण तसं नव्हतं. एक खोली सोडून घर साफ केलं म्हणणं तिच्या जिवावर आलं होतं.

दार उघडताच तिला वास ओळखू आला. इस्पितळाच्या तळघरात, जिथे जुन्या गाद्या टाकत, तिथे हा वास असायचा. खाटेवर पंचाहत्तरीची एक बाई पाठीमागे उशी लावून बसली होती. खाटेला अगदी खेटून एक मोठं कपाट. बोटवालीने कपाटाच्या मागे बोट घातलं. धूळ लागली असती तर तिला नवल वाटलं नसतं. बोट ओलं झालं.

कपाटाच्या पायांखाली फडकी सरकवून तिने ते थोडं थोडं करत पुढे ओढलं. मागची भिंत जमिनीपासून खांद्यापर्यंत काळी होती. साधी काळी नव्हे, लव आलेली. रंगाचे पोपडे ओल्या पापडासारखे सुटून पडले होते. भिंतीपलीकडे न्हाणीघर होतं.

"तुम्हाला माहीत होतं?" तिने म्हाताऱ्या बाईंना विचारलं.

"वास येत होता," सासूबाई म्हणाल्या. "पूर्वी दार उघडं असलं की ही भिंत हॉलमधून दिसायची. डाग पडलाय म्हणून मी सुनेला सांगितलं. दोन दिवसांत हे कपाट आलं."

"आणि मग?"

"मग डाग दिसेनासा झाला."

"तुम्ही काय करत होता आधी?"

"शाळेत शिकवत होते. चौतीस वर्षं."

बोटवालीने त्यांच्याकडे तिच्या त्या खास नजरेने बघितलं. "चौतीस वर्षं पोरांना उभं करून जाब विचारला असेल. आणि इथे तोंड शिवून बसलात."

"घरात शांतता हवी होती मला."

"मिळाली की मग. सगळं घर तुमचा खोकला ऐकतंय."

सासूबाईंच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. बोटवालीने त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उठवलं, हॉलमध्ये आणलं आणि मुलगी बघायला आल्यासारख्या ऐटीत बसलेल्या त्यांच्या मुलाला म्हणाली, "उठा. यांना बसू द्या."

"माझं ऑफिसचं बोलणं चालू आहे," तो म्हणाला.

"मग आत जाऊन बोला. भिंतीकडे तोंड करून."

तो आत गेला आणि लगेच बाहेर आला. लॅपटॉप त्याने मिटलेला होता. "मावशी, हे किती दिवसांपासून आहे?"

"मला काय विचारता? घर तुमचं, आई तुमची. मी सकाळी आठला आलेय."

आवाज ऐकून चकचकताई बाहेर आली. अर्धे केस कुरळे झाले होते, अर्धे व्हायचे होते. खोलीत डोकावून ती म्हणाली, "कपाट परत लावा. चारला माणसं येतायत."

"नाही लावणार."

"तुम्हाला ज्या कामाला बोलावलंय ते करा, मावशी."

"बुरशीपुढे कपाट लावणं माझं काम नाही. ते तुम्ही केलंत. तुम्हाला छान जमतं."

चकचकताईने स्वतः कपाटाला खांदा लावला. ते हललं नाही. तिने नवऱ्याकडे बघितलं. त्याने कपाटावर हात ठेवला. हॉलमध्ये त्याची आई खोकायला लागली, तसा त्याने तो काढून घेतला. त्या दिवशी त्याच्या हातून झालेलं काम ते एवढंच.

चारला साबणवाले आले. त्यांच्याबरोबरच्या बाईने हॉल बघितला, सोफ्यावरच्या सासूबाई बघितल्या, मग उघड्या दारातून ती भिंत. "अहो, हेच दाखवू या," ती खूश होऊन म्हणाली. "खरं वाटतं."

चकचकताईला सावरायला एक क्षण लागला, जास्त नाही. दिवे लागले तेव्हा तिचे डोळे पाणावलेले होते. "मैत्रिणींनो," ती म्हणाली, "सासूबाईंचा खोकला मला बघवेना. शेवटी आज मी स्वतः हे कपाट ओढून काढलं."

बोटवाली स्वयंपाकघराच्या दारात फडकी पिळत उभी होती. सावली पडते म्हणून तिला कुणीतरी बाजूला व्हायला सांगितलं. ती झाली. भांडायला तिला समोर भांडण्यालायक कुणी दिसत नव्हतं.

मग सासूबाईंना सुनेशेजारी बसवण्यात आलं. दोन शब्द बोला म्हणाले. सासूबाईंनी पदर सारखा केला आणि वर्गात हजेरी घ्यावी तशा स्वरात म्हणाल्या, "कपाट त्या बाईंनी ओढलं. फडकी पिळतायत त्या. ते तिथे माझ्या सुनेने ठेवलं होतं, डाग दिसू नये म्हणून. माझ्या मुलाला काही ठाऊक नव्हतं, कारण तो वर्षभर माझ्या खोलीत आला नाही."

साबणवाली बाई म्हणाली, "हे आपण कापून टाकू."

आणि कापलंच. व्हिडिओत चकचकताई एकटीच कपाट ओढते, भिंतीवर साबण फवारते आणि डोळे पुसते. तिचा सर्वांत जास्त बघितलेला व्हिडिओ तोच. पण त्या खोलीत जे बोललं गेलं ते घरातल्या तिघांनी ऐकलेलं होतं, ते कापायला कात्री नव्हती. आठवड्याभरात मुलाने नळवाला बोलावला. न्हाणीघराची भिंत फोडली तेव्हा आतला पाइप सांध्यात कुजलेला निघाला. भिंत वाळायला दीड महिना लागला. तेवढे दिवस सासूबाई हॉलमध्ये झोपल्या आणि नंतर त्या खोलीत परत जायला त्यांनी साफ नकार दिला. चित्रीकरणाचे दिवे ठेवायची हवेशीर खोली होती, ती त्यांनी मागून घेतली. खोकला हळूहळू उतरला, पुरता गेला नाही.

खरा प्रकार ठाऊक असलेले लोक व्हिडिओ बघून बोटवालीला विचारत, तुला संताप नाही येत?

"तिच्यावर?" ती म्हणायची. "तेवढी तिची लायकी नाही."

सासूबाईंविषयी मात्र ती तसं म्हणत नसे. "उशीर केला बाईंनी," म्हणायची, "पण बोलल्या ते नीट बोलल्या." तिच्या तोंडून कुणाचं एवढं कौतुक आम्हा ओळखीच्यांपैकी कुणी ऐकलेलं नव्हतं.

त्यानंतर तिने कामं घ्यायची पद्धत बदलली. फोनवर ती आधी विचारते, घरात कोण कोण राहतं आणि कोण कुठे झोपतं. पहिली खोली ती त्यांच्यातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाची घेते, पलंग ओढून, कपाट ओढून. स्वयंपाकघर नंतर. बरीच गिऱ्हाइकं वैतागतात. पाहुणे यायचेत, हॉल आधी करा म्हणतात.

"मग दुसरी बाई बघा," ती म्हणते आणि फोन ठेवते.