व्हिएन्नाच्या गाडीत टाकलेला रुमाल

आमच्या ह्यांच्या पायांतली ताकद गेली, तेव्हापासून लातूरच्या स्टँडवर माझी एकच रीत. उदगीरची बस लागली की पळायचं, खिडकीतून सीटवर रुमाल टाकायचा आणि कुणी बसायला लागलं की ओरडायचं, "माणूस येऊन राहिलाय!" मग कंडक्टरला हाताशी धरून ह्यांना वर चढवायचं.

मागच्या वर्षी आम्ही दोघं व्हिएन्नाहून प्रागला निघालो. व्हीलचेअर चढवायला स्टेशनवरची बाई आली आणि तिनं मला खुणेनं थांबायला सांगितलं. पण गाडी लागली आणि मला कुठला दम! पळत डब्यात शिरले, दोन सीटवर रुमाल अंथरला, एका गोऱ्या आजोबांना अस्सल मराठीत हाकललं.

गाडी सुटली, तरी ह्यांचा पत्ता नाही. नवऱ्याला परक्या मुलखात फलाटावर सोडून मी जागा धरून बसले होते!

रडकुंडीला येऊन डबे पालथे घातले. तिसऱ्या डब्यात हे खुर्चीसकट खिडकीशी निवांत धपाटं खात बसलेले. मी उलट त्यांच्यावरच ओरडले, "हाक तरी मारायची!"

त्यांनी शेजारच्या सीटकडं बोट केलं. तिच्यावर त्यांचा रुमाल होता.

"चौघांना सांगितलं, माणूस येऊन राहिलाय म्हणून," ते म्हणाले. "बस."