खांबावर कोणी चढलं नाही

धरणगावकडच्या आमच्या गावात सरकारी लाइनमन खांबावर चढत नाही. तो खाली तंबाखू मळतो आणि झिरो वायरमनला वर पाठवतो. झिरो म्हणजे ज्याचं नाव कुठल्याच हजेरीवर नाही. पगार नाही, विमा नाही. ज्याच्या शेताची वीज जोडली, तो देईल ते घ्यायचं. मी आयुष्यभर वीजकेंद्रात कोळसा ओढला. राबतो कोण आणि सही करतो कोण, एवढं मला कळतं.

सुंदरबाईचा नवरा अभिमन असाच झिरो. सरपंच प्रेमराजने आपल्या केळीच्या मोटारीसाठी त्याला खांबावर चढवलं. मध्येच लाइन चालू झाली. शॉक लागून अभिमन वरच गेला. चौकशीला साहेब आले, तेव्हा प्रेमराज म्हणाला, "आकडा टाकायला चढला होता. वीजचोर."

सुंदरबाई चोराची बायको झाली.

यंदा गावात दिवसा वीज देणारा सौर प्रकल्प आला. उद्घाटनाच्या मंडपात प्रेमराज प्राचीन राज्यकारभारावर बोलला. "राजा पिकाचा सहावा हिस्सा घ्यायचा, बदल्यात प्रजेचं रक्षण करायचा. रक्षणात चुकला, तर खजिन्यातून भरून द्यायचा." टाळ्या पडल्या. मागे बसलेली सुंदरबाई भाषण संपायच्या आत उठली.

तिने आसपासच्या गावांतल्या झिरोंची घरं गाठली. बहुतेक अभिमनच्या हाताखाली शिकलेले. "प्रेमराजनी लाइनले हात लावू नका," एवढंच सांगितलं.

मे महिन्यात प्रेमराजच्या शेताची लाइन तुटली. लाइनमनने गुडघा धरला आणि रजा टाकली. झिरो कोणी फिरकेना. प्रेमराजने साहेबांना फोन लावला.

"कामावर कोण आलं नाही? नाव सांगा," साहेब म्हणाले.

नाव कुठून सांगणार? झिरो तर कुठेच नव्हते. साहेब म्हणाले, बदली माणूस येईल, थांबा.

केळीची पानं करपायला लागली. पोरं कोणाच्या शब्दावर अडलीत ते कळल्यावर प्रेमराज सुंदरबाईच्या दारात आला.

"अक्का, बाग जळतेय."

"तुना खांबवर कोन मरनं व्हतं?"

"अभिमन."

"चढाडं कोनी?"

तो खाली बघत म्हणाला, "मी."

"माले नको सांगू. ग्रामसभामा सांग, बठ्ठास्ना समोर."

ग्रामसभेत तो पुटपुटला. मागून कोणी ओरडलं, "सरपंच, भाषणना वखतले आवाज कसा निंघस?" लोक हसले. मग त्याला मोठ्याने बोलावं लागलं. "अभिमन चोर नव्हता. मीच त्याला चढवलं. मी खोटं बोललो."

सभा उठली तसा तो तिच्याजवळ आला. "आता पोरांना सांग, अक्का."

"मी तुले बोलाले सांगं. पोरं चढतीन असं कधी बोलनू?"

बदली लाइनमन आला, तोवर घड काळे पडून लोंबत होते. सुंदरबाई हल्ली मजुरीला प्रेमराजच्या बांधावरून जाते. वाट लांबची पडते. ती सावकाश चालते.