शेवटच्या दोन प्लेटा

एका खात्यात संशोधन चाललं की निबंध तयार होतो. चार खात्यांनी मिळून केलं की किस्से. लढाईच्या दिवसांत आमच्या सांगलीच्या कॉलेजात असाच उद्योग चालला होता. आकाशातून येणारे विश्वकिरण फोटोच्या काचेच्या प्लेटांवर पकडायचे, म्हणून पेटी बांधून फुगे सोडायचे. फिजिक्सचे गोडबोले सर म्होरके. मी केमिस्ट्रीचा डेमॉन्स्ट्रेटर, म्हणजे फुग्यात हायड्रोजन भरणारा हमाल.

*

बॉटनीच्या मुजावर सरांना त्याच पेटीतून शाळूचं बियाणं वर पाठवायचं होतं, किरणांनी त्याचं काय होतं ते बघायला. वजनावरून रोज खडाजंगी. गोडबोले सरांनी शेवटी मोजून वीस दाणे मंजूर केले. मुजावर सर भडकले. "तुमचे किरण दिसत नाहीत, तरी त्यांना अख्खी पेटी. माझी ज्वारी निदान दिसते तरी!"

*

गॅसच्या अंधाऱ्या खोलीवर मी पाटी लावली : 'इथे काडी ओढू नये.' पहिल्याच दिवशी शिपाई बापू पेटती काडी पाटीपुढं धरून उभा. मी ओरडलोच. तो शांतपणे म्हणाला, "आवं, अंधार किती हाय. काय लिवलंय ते दिसाया नगं?"

*

फुगा कुठं पडणार ते गणिताचे आपटे सर आधी सांगत. एकदा औंध निघालं. सर्व्हिस मोटारनं औंध गाठून आम्ही दिवसभर माना वर करून बसलो. पेटी सापडली मिरजेपलीकडं, उसात. आपटे सर म्हणाले, "उत्तर बरोबरच आहे. वारा चुकला."

*

पेटीवर ठळक लिहिलेलं असे : 'उघडू नये. कॉलेजात पोचवावी.' तासगावकडचे एक पेन्शनर हवालदार ती डोक्यावर घेऊन चालत आले. गोडबोले सर ती डार्करूममध्ये उघडायला निघाले, तर हवालदार आडवे. "हुकूम काय हाय? उघडू न्हये." पेटी यांचीच आहे, असं परोपरीनं सांगितलं. ऐकतील तर शपथ! सरांनी कागदावर 'उघडावी' असं लिहून सही केली, तेव्हा सॅल्यूट ठोकून बाजूला झाले.

*

पुढं विलायतेहून प्लेटा यायच्या बंद झाल्या. शेवटच्या दोन उरल्या. त्या वाया गेल्या की सरांचं चार वर्षांचं काम पाण्यात. नेमका त्या घेऊन गेलेला फुगा साताऱ्याकडं पडला आणि पेटी पोलीस ठाण्यात गेली. भूमिगतांच्या धसक्याचे दिवस ते. गोडबोले सर, मुजावर सर आणि मी पोचलो, तर फौजदार भर उन्हात पेटीला पटाशी लावून बसलेले. उजेड लागला की प्लेटा खलास. जन्मात खोटं न बोललेले गोडबोले सर किंचाळले, "हात लावू नका, बॉम्ब आहे!"

अंगण रिकामं झालं. प्लेटा वाचल्या, पण दोन्ही सर कोठडीत गेले.

दुसऱ्या दिवशी फौजदार निवळले. पण आत काय आहे ते पाहिल्याशिवाय सोडीनात. प्लेटा अंधारातच धुवायच्या, आणि ठाण्यात अंधारी खोली एकच. मी सांगलीहून औषधं आणि ट्रे आणले. कोठडीच्या खिडकीला घोंगडी लावली. आत सिदू नावाचा एक बकरीचोर होता. त्याचं मनगट फौजदारांनी स्वतः धरलं. प्लेटांचा ट्रे हलवायचं काम मुजावर सरांकडं. बाहेरून कडी लावायला शिपाई धजेना. साहेबालाच कोंडायचं कसं?

काळोखात बरीच धडपड झाली. सर एकच घोकत होते, "ट्रे हलवत राहा. थांबलात तर सगळं गेलं." आणि फौजदार दर मिनिटाला दरडावत होते, "हलू नगंस रं, मनगट मोडीन."

काम झाल्यावर कंदील लावला. प्लेटा झकास निघाल्या होत्या. फौजदारांनी मुजावर सरांचं मनगट गच्च धरलेलं होतं. दार नुसतं लोटलेलं. सिदू त्याच दारापाशी उकिडवा बसून ट्रे हलवत होता.

"मास्तर," तो म्हणाला, "आता थांबलं तर चालंल का?"