गिरणीच्या पायरीवर

मंगळवार, दुपार. शनिवार पेठ. हजर : मी, मोबाइलचा दुकानदार आणि पांढऱ्या सदऱ्यातले ते आजोबा.

या दुकानाच्या जागी पूर्वी पिठाची गिरणी होती. ती जाऊन बरीच वर्षं झाली, तरी आजोबा रोज गव्हाचा डबा घेऊन येतात. डबा पायरीवर ठेवून आत बघत बजावतात, "गव्हावरच टाका हं. ज्वारीवर नको." मग भिंतीला टेकून डोळे मिटतात. थोड्या वेळाने उठतात, डबा खांद्यावर घेतात आणि निघतात.

"आजोबा, इथे मोबाइल मिळतात," दुकानदार आजही म्हणाला. "ते दळून हवे असतील तर सांगा."

आजोबा हसले नाहीत. डबा उचलताना त्यांचा तोल गेला, म्हणून मी हात लावला. पत्रा चांगलाच गरम होता. उन्हाने म्हणावं, तर पायरी सावलीत होती. त्यांच्या पापण्यांवर पीठ बसलं होतं.

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं.

"आपण शाळेतल्या बाईंच्या कन्या ना? अहो, त्यांचं दळण कधीचं झालंय. आत बाकावर बसून आहेत. डबा उचलत नाही त्यांना. म्हणतात, मुलगी येईल न्यायला."

आईला जाऊन चार वर्षं झाली.

मी दुकानात डोकावले. आत काचेची कपाटं होती आणि दुकानदार.

"काय हवंय, ताई?" त्याने विचारलं.

"काही नाही," म्हणून मी निघाले. बँक झाली, औषधं झाली, विजेचं बिल भरलं. आईला घरी आणायचं तेवढं राहिलंय.