सातव्या भागाखालची लाल रेघ

टीव्हीवर मालिकेच्या सातव्या भागाच्या चित्राखाली लाल रेघ पार टोकापर्यंत गेली होती, म्हणजे कुणीतरी तो भाग आधीच पाहिला होता. घरात आम्ही दोघंच, आणि एकट्यानं पुढं जायचं नाही असं ठरलेलं.

"तू पाहिलास?" मी बायकोला विचारलं.

"छे! चुकून लागला असेल."

शेवटपर्यंत चुकून?

बाप-लेकाची ही मालिका तिनंच सुचवलेली. माझे वडील गेल्यापासून ती मला काही ना काही बघायला लावते. 'हे बघच' म्हणणाऱ्याला नेमकी गोष्ट दाखवायची असते, की आपला चेहरा बघायचा असतो? भाग सुरू झाला, तरी मी पडद्याऐवजी तिच्यावरच नजर ठेवून बसलो.

मालिकेतला बाप अजून हसत जेवत होता, तेव्हाच तिनं हळूच माझ्याकडे रुमाल सरकवला.